पावसाळ्यापुरतं साखळीला या

ती. आई-बाबांस,
सा. न.

खोल्यांचं भाडं भरून टाकलं आहे, म्हणून आधी तेच सांगते. १ जूनपासून ऑक्टोबर संपेपर्यंत साखळीला, तळमजल्यावर दोन खोल्या आणि मागे पडवी. आधी विचारलं असतं तर बाबा "बघूया" म्हणाले असते आणि बघता बघता मृग लागला असता. रागावलात तरी चालेल.

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे. आपल्या वाड्याच्या वरचा खाणीच्या गाळाचा बांध तीस वर्षं उभा आहे, खाणही बंद, आता कसली भीती? मला भीती नेमकी त्याचीच वाटते. खाण चालू होती तेव्हा गाळाच्या तळ्यावर रोज माणूस असायचा, पंप चालायचा, साठलेलं पाणी बांधापासून लांब राखलं जायचं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले ८८ खाणपट्टे रद्द केले आणि मार्चमध्ये काम थांबलं. बांध खाजगी मालकाचा, त्याच्याच कुंपणात. तिथे आता एक राखणदार आणि फाटकाला कुलूप.

तळं अंदाजे पाच हेक्टरचं. एका रात्रीत १०० मिलिमीटर पडला, आणि आपल्याकडे जुलैत तो पडतोच, तर नुसत्या तळ्यावर ५,००० घनमीटर पाणी येतं. म्हणजे दहा हजार लिटरचे ५०० टँकर. डोंगरावरून उतरतं ते वेगळं. सांडव्यात झुडपं आणि माती बसली असेल तर हे पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहणार, आणि मातीच्या बांधाला ते सोसत नाही. आधी बाहेरचा उतार खरवडला जातो, मग माथा तुटतो, आणि एकदा चर पडली की तिला रुंद व्हायला फार वेळ लागत नाही.

त्याहून मला आतल्या गाळाची काळजी आहे. धुतलेल्या खनिजाचा तो गाळ पिठासारखा बारीक, वर्षानुवर्षं पाणी धरून ठेवतो. बांध तीनदा उंच केला तो दर वेळी आत सरकवून, याच गाळावर पाय ठेवून. मिरामारला ओल्या वाळूत मी पाय थापटायचे आणि घट्ट वाळू एकदम पातळ होऊन पाय रुतायचा, तेव्हा तुम्ही काखेत हात घालून मला वर काढायचात. पाणी भरलेल्या गाळाचंही तेच होतं. पाण्याचा दाब वाढला की कणाला कणाचा आधार राहत नाही. भूकंपच व्हायला हवा असं नाही.

ब्राझीलमधला ब्रुमाजिन्योचा बांध असाच, आत सरकवत चढवलेला, ८६ मीटर उंच. २०१६ पासून त्यात गाळ सोडणंही बंद होतं आणि २०१८ मध्ये तो भक्कम असल्याचा दाखला मिळाला होता. २५ जानेवारी २०१९ ला भरदुपारी तो काही सेकंदांत विरघळला. २७० माणसं गेली. भोंगा वाजलाच नाही.

आपला बांध त्याच्यापुढे अगदी बुटका आहे, आई, घाबरू नकोस. पण इटलीत स्तावाला १९८५ मध्ये सुटलेला गाळ सुमारे १ लाख ८० हजार घनमीटर होता, आणि त्यात २६८ जण गेले. आपल्या तळ्यात सरासरी सहा मीटर धरला तरी तीन लाख होतो. तिथला उतार आपल्यापेक्षा खडा होता, हे खरं. रत्नागिरीतल्या तिवरे धरणाचं तुम्हाला सांगायला नको. तिथे नुसतं पाणी होतं, गळतीची तक्रार आधीच झाली होती, आणि फुटलं ते २ जुलै २०१९ च्या रात्री. मला रात्रच नको आहे. दिवसा दिसतं तरी.

साखळीला शौचालय कमोडचं आहे, आईच्या गुडघ्यांना सोपं. गॅस आहे, इनव्हर्टर आहे, तुळशीची कुंडी पडवीत मावते. बाबांची आरामखुर्ची दादा गाडीवर घालून आणेल. पावसाळ्याचं पुरुमेंत यंदा तिकडेच भरू: खारें, सोलं, डाळी, सगळं. चवथ मात्र घरीच, माटोळीसकट. आम्ही दोघंही येतो. पाऊस मोठा असला तर गणपतीपाशी समई लावून सगळे देवळाच्या अग्रशाळेत झोपू, ती टेंबावर, उंचावर आहे.

कुळागरात दिवसा जायला माझी ना नाही, पण आता नीट ऐका. बांधाच्या पायथ्याला पाझर असतोच. तो स्वच्छ आणि रोजच्याइतकाच असेल तर ठीक. गढूळ झाला, अचानक वाढला, किंवा झऱ्यात वाळू उकळल्यासारखी दिसली, तर आतून माती वाहून जाते आहे. माथ्यावर लांब भेग, उताराला फुगवटा, नव्याने कललेलं झाड, व्हाळ एकाएकी लाल किंवा कोरडा, यातलं काहीही दिसलं की विळा-टोपली तिथेच टाकून निघायचं. व्हाळाच्या कडेने खाली धावायचं नाही, साकव ओलांडायचा नाही. आडवं वळून सरळ टेंबावर. मग ११२ ला फोन.

गेल्या साली वाड्यावरच्यांबरोबर झऱ्यावर चिकणमातीच्या गोणी रचल्यात, ते पुन्हा करू नका. हेतू चांगला होता, पण तोंड बुजलं की पाणी आत तुंबून दुसरीकडून फोडतं. पाणी बाहेर येऊ द्यायचं आणि माती अडवायची: आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर दगड. तेही मालकाच्या इंजिनिअरने करायचं, सत्तरीतल्या माणसाने नाही.

जिल्हाधिकाऱ्यांना आणि मालकाला अर्ज पाठवला आहे: ३१ मेच्या आत सांडवा मोकळा करा, पाणी माथ्यापासून निदान एक मीटर खाली ठेवा, बांधातल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या नळ्या दर आठवड्याला मोजा, गाळ कुठवर येईल त्याचा नकाशा पंचायतीत लावा, वाड्यावर भोंगा बसवा. प्रत तुमच्या टेबलावर येईल, बाबा, तिच्यावर सही करून वाड्यावर फिरवा. वरच्या घरातल्या काकींनाही विचारा, साखळीच्या पडवीत तिसरी खाट मावते.

दादा ३१ तारखेला सकाळी येईल. ब्लड प्रेशरच्या गोळ्या आणि घराचे कागद आईच्या हातातल्या पिशवीत ठेवा, ट्रंकेत नको.

तुमची,
बाय