दंडाबरोबर माल भरायचंही दाखवा

संपादक महोदय,

ओव्हरलोड पिकअपवरच्या कारवाईची बातमी तुमच्या पेपरात वाचली. कारवाई बरोबरच आहे, ओव्हरलोडला २० हजार दंड आणि जादा टनामागं २ हजार, पण माल गाडीत कुठं ठेवला हे कोण बघणार? सांगली मार्केट यार्डात नेहमी बघतो, आधी उतरायची म्हणून हळदीची जड पोती पार मागच्या फाळक्यापाशी टाकतात, मग वजन मागच्या ॲक्सलच्याही मागं जातं, पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टेअरिंग नीट ऐकत नाही, घाटाच्या चढाला तर फारच वाईट. जड पोती खाली, केबिनला टेकवून लावायची, दोर आवळायचा, आणि पाच-दहा किलोमीटरवर थांबून परत बघायचा, कारण पोती बसली की तो सैल पडतोच. हे हमाल आणि ड्रायव्हरना यार्डातच दाखवा.

– एक वाचक, सांगली