ट्रिटियम समुद्रातून मिळत नाही

महोदय,

फ्यूजन म्हणजे हलक्या अणुकेंद्रकांच्या मीलनातून मिळणाऱ्या ऊर्जेवरील बातम्यांमध्ये ‘समुद्राच्या पाण्यातून अमर्याद इंधन’ हे वाक्य हमखास असते. ते अर्धेच खरे आहे. समुद्राच्या पाण्यातून ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, मिळते. मात्र त्याच्या जोडीला लागणारे ट्रिटियम हे हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप निसर्गात जवळपास आढळतच नाही, त्याचे अर्धायुष्य 12.3 वर्षांचे आहे, आणि एक हजार मेगावॅट फ्यूजन शक्तीची भट्टी वर्षभर पूर्ण क्षमतेने चालवायची तर ते सुमारे 55 किलो लागते. जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून मिळालेला जगातला नागरी साठा याहूनही कमी आहे.

त्यामुळे भट्टीला आपले ट्रिटियम स्वतःच तयार करावे लागणार. प्लाझ्मा म्हणजे ज्यात फ्यूजन घडते तो अतितप्त वायू; त्याभोवतीच्या ब्लँकेट नावाच्या आवरणात लिथियम ठेवतात आणि त्यावर फ्यूजनमधून सुटलेले न्यूट्रॉन आदळले की ट्रिटियम बनते. अनेक आराखड्यांत हे लिथियम टायटनेट किंवा सिलिकेटच्या, मोहरीच्या दाण्याएवढ्या सिरॅमिक गोळ्यांच्या रूपात भरलेले असते. गोळ्यांमधल्या फटींतून किंचित हायड्रोजन मिसळलेला हेलियम संथपणे सोडतात. हा हायड्रोजन गोळ्यांच्या पृष्ठभागावरील ट्रिटियमची जागा घेतो आणि सुटलेले ट्रिटियम हेलियमबरोबर बाहेर येते. ऐकायला हे सोपे वाटते, पण रासायनिक कारखान्यांत पॅक्ड कॉलम, म्हणजे गोळ्या किंवा तुकडे भरलेले उभे नळकांडे, हाताळण्यात ज्याने सारी नोकरी घालवली, त्या माझ्यासारख्याला यातली खोच लगेच कळते.

गोळ्या कशाही ओतल्या तरी थरात 36 ते 40 टक्के पोकळी उरते, आणि हा वरवर किरकोळ वाटणारा फरकच फार महागात पडतो. पोकळी 40 वरून 36 टक्क्यांवर आली, तर तेवढाच वायू त्याच थरातून ढकलण्यासाठी सुमारे दीडपट दाब लागतो. गोळ्यांचा व्यास निम्मा केला तर चौपट. शिवाय भिंतीला टेकलेल्या गोळ्यांना दाटीवाटीने बसता येत नसल्याने तिथे पोकळी जास्त असते, आणि वायू थराच्या मध्यातून न जाता भिंतीलगतची ती मोकळी वाट धरतो. मधल्या भागात मग ट्रिटियम रेंगाळते आणि त्यातले काही तापलेल्या पोलादातून झिरपून शीतकात जाते. भट्टी चालू-बंद होताना गोळ्या प्रसरण-आकुंचन पावतात, काही फुटतात, भुकटी फटींत अडकते आणि आज मोजलेला प्रवाह वर्षभराने तसाच राहील याची खात्री उरत नाही. रसायन अभियंता साबरी अर्गन यांनी 1952 मध्ये मांडलेले, आजही सर्रास वापरले जाणारे समीकरण अशा थरासाठी लागणारा सरासरी दाब सांगते. वायू थरात नेमका कुठून गेला हे ते सांगत नाही.

यात आपलाही सहभाग आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात लिथियम टायटनेटच्या गोळ्या बनवण्याचे काम झालेले आहे, आणि गांधीनगरच्या प्लाझ्मा अनुसंधान संस्थेने या गोळ्या व वितळलेले शिसे-लिथियम यांचा एकत्रित वापर करणारा ब्लँकेटचा आराखडा मांडला आहे. हा विषय भौतिकशास्त्राइतकाच रसायन अभियांत्रिकीचा आहे. पारदर्शक नळीत काचेच्या गोळ्या भरून भिंतीलगतचा आणि मधला प्रवाह वेगवेगळा मोजणे आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील चांगल्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे. मार्गदर्शकांनी असे प्रकल्प सुचवावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटनमधील जेट या फ्यूजनच्या प्रायोगिक यंत्राने 0.2 मिलिग्रॅम इंधनातून 69 मेगाज्यूल ऊर्जा मिळवली, हा विक्रम ठळकपणे छापला गेला आणि तो छापायलाच हवा होता. परंतु त्या यंत्रात ट्रिटियम बाहेरून आणलेले होते. फ्यूजनची पुढची बातमी देताना आपल्या प्रतिनिधीने तापमान आणि सेकंदांबरोबर संबंधित शास्त्रज्ञांना एवढे अवश्य विचारावे : ब्लँकेटमध्ये ट्रिटियम किती बनणे अपेक्षित आहे, त्यातले किती वायूबरोबर बाहेर येईल आणि किती गोळ्यांतच अडकून राहील?

आपला नम्र,
एक निवृत्त रसायन अभियंता, डोंबिवली