प्रिय विनायक, गाडीतल्या स्टिरिओबद्दल

कराड,
१२ नोव्हेंबर

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

गाडी घेतल्याचं वाचून घरात सगळ्यांना आनंद झाला. वॅगन आर निवडलीस हे फार चांगलं केलंस. छत उंच असल्यामुळे अण्णांना चढताना-उतरताना वाकावं लागणार नाही. बेस मॉडेल आहे, डॅशबोर्डवर स्टिरिओच्या जागी नुसतं झाकण आहे आणि दहा हजारांत सगळं बसवायचंय, असं तू लिहिलंस. दुकानदाराने नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन दाखवली आणि मुलं तिच्यावर भाळली आहेत, हेही वाचलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. ती स्क्रीन घेऊ नकोस असं मला मनापासून वाटतं, आणि का ते नीट सांगितलं नाही तर मुलांना तू काय समजावणार?

या किमतीत स्क्रीन घेतली की पैसे काचेत जातात. आत एक-दोन जीबी रॅम असते, त्यामुळे किल्ली फिरवल्यावर ती सुरू व्हायलाच वेळ घेते आणि नकाशा उघडला की गाणं अडखळतं. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. आवाज कमी करायला स्क्रीनकडे बघावं लागतं. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. दोन सेकंद नजर खाली गेली, तर चव्वेचाळीस मीटर रस्ता तू पाहिलेलाच नसतोस. दर गणपतीला आणि शिमग्याला तुम्ही कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरणार. त्या वळणांवर हाताला न बघता सापडणारं गोल बटण हवं. आवाज कमी-जास्त करायला फिरतं बटण, पुढचं-मागचं गाणं लावायला दाबायची बटणं, आणि एवढंच. मागे बघायला कॅमेरा हवा असं वहिनींचं म्हणणं असेल तर रिव्हर्स सेन्सर वेगळे बसवून घे. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचे झाले, तुझी गाडी त्याआधीची आहे. थोडक्या पैशांत होतात, आणि त्यासाठी स्क्रीन लागत नाही.

दुकानात जाण्याआधी झाकण काढून खाच मोज. स्टिरिओची दोन ठरलेली मापं असतात. सिंगल डिन म्हणजे रुंदी १८० मिलिमीटर आणि उंची ५०. डबल डिन म्हणजे रुंदी तेवढीच, उंची १००. काही जपानी धाटणीच्या गाड्यांत खाच २०० मिलिमीटर रुंद असते, मग दोन्ही बाजूंना पट्ट्या लावाव्या लागतात. खाच मोठी असली तरी सिंगल डिनचा डेक, म्हणजे स्टिरिओचा मुख्य डबा, घेता येतो. वरखाली उरलेल्या जागेसाठी खणासकट फ्रेम मिळते, आणि टोलची पावती, चष्मा, सुटे पैसे ठेवायला तो खण रोज उपयोगी पडतो. नावाजलेल्या कंपनीचा ब्लूटूथ, यूएसबी आणि रेडिओ असलेला साधा डेक साधारण चार-पाच हजारांत येतो. फोनवर बोलण्याचा माइक वायरने वेगळा लावता येईल असाच बघ. डेकच्या तोंडावरच माइक असला की समोरच्याला तुझ्यापेक्षा एसीचा वाराच जास्त ऐकू जातो.

खोक्यावर "५० वॅट × ४" असं ठळक छापलेलं असेल. त्यावर जाऊ नकोस. चारही स्पीकर मिळून दोनशे वॅट काढायचे, तर १४.४ व्होल्टवर जवळजवळ १४ अँपिअर लागतील, तेही काहीच वाया गेलं नाही असं धरून. डेकच्या पाठीमागचा फ्यूज बघ, बहुतेक वेळा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. आतला अँप्लिफायर तापतो, म्हणजे त्यातलं बरंच उष्णतेत जातं. सलग, आवाज न फाटता मिळणारी खरी ताकद दर चॅनलला, म्हणजे दर स्पीकरला, पंधरा ते वीस वॅटच्या आसपास असते. माहितीपत्रकात "आरएमएस" (म्हणजे हीच सलग ताकद) पुढे लिहिलेला आकडा तेवढा वाच. घरच्या माणसांसाठी तो पुरेसा आहे, पण स्पीकर चांगले हवेत.

आणि विनायक, सगळा जीव इथेच आहे. डेकवर हात राखून खर्च कर, पण पुढच्या दोन दारांच्या स्पीकरवर राखू नकोस. मागे चार आणि डिकीत बास ट्यूब अशी बढाई मारणारे पुष्कळ भेटतील. पण मागून येणारं गाणं कानाला कधी सरळ लागत नाही, गायक समोर बसून गातोय असं वाटलं पाहिजे. अडीच-तीन हजारांत सहा इंची कोअॅक्सिअल, म्हणजे मोठ्याच्या मधोमध छोटा बसवलेल्या, स्पीकरची चांगली जोडी मिळते. त्यावर "सेन्सिटिव्हिटी" म्हणून डेसिबलचा आकडा असतो. ८९ ऐवजी ९२ चा घेतलास, तर त्याच डेकमधून दुप्पट ताकद दिल्यासारखा आवाज येतो, कारण तीन डेसिबल म्हणजे दुप्पट वॅट. वजन हातात घेऊन बघ, चुंबक छोटं असेल तर हलका लागतो. बाजारात नामांकित कंपन्यांच्या हुबेहूब नकला आहेत, म्हणून सीरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

ऐकून बघताना दुकानदार स्वतःचं गाणं लावेल, धडधड वाजणारं. तू आपलं लाव. पखवाज आणि टाळ असलेला एखादा अभंग, जो तुला पाठ आहे. पखवाजाच्या धुम्म्यातला खर्ज गोल यायला हवा, नुसता दणका नको. टाळ किणकिणला पाहिजे. तो पाण्यातून ऐकल्यासारखा सळसळत असेल, तर दोष स्पीकरचा नसून फाइलचा असण्याची शक्यता जास्त: १२८ केबीपीएसच्या, म्हणजे फार दाबून लहान केलेल्या, एमपीथ्रीत आधी टाळच मरतात. म्हणून पेन ड्राइव्हमध्ये ३२० केबीपीएसची गाणी भर. मिनिटाला सुमारे २.४ एमबी लागतात. १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर शंभर तासांहून जास्त मावतात, त्यामुळे जागेची काटकसर करायचं काही कारण नाही. पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट कर, बऱ्याच डेकना दुसरं काही वाचता येत नाही. आणि आखूड घे. लांब असला की गिअर टाकताना हात लागून एक दिवस यूएसबीचं तोंड मोडतं.

दार म्हणजे आतून रिकामा पत्र्याचा डबा. स्पीकरच्या पुढच्या बाजूने जेवढा आवाज बाहेर पडतो, तेवढाच उलटा मागूनही निघतो, आणि आतल्या पत्र्याच्या भोकांतून पुढे येऊन खर्ज मारून टाकतो. त्यासाठी पुढच्या दोन दारांना डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर मारणारा चिकट थर, लावून घे, आणि आतली मोठी भोकं त्याच शीटने बंद करायला सांग. दाराच्या अगदी तळाला पाणी जायची छिद्रं असतात, ती मात्र उघडीच राहिली पाहिजेत. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या आतच उतरतं, आणि कोकणातल्या पावसात तर किती उतरतं ते तुला ठाऊकच आहे. स्पीकरच्या मागच्या अंगाला फोमची टोपी बसव, म्हणजे स्पीकरचा कोन, आत-बाहेर हलणारा कागदाचा शंकू, भिजणार नाही. दाराचं आतलं प्लॅस्टिकचं आवरण (ट्रिम) परत बसवण्याआधी कडेने फेल्टची टेप चिकटवली की खडखड थांबते.

फिटिंग होताना तू तिथेच उभा राहा, घाई असेल तर दुसऱ्या दिवशी जा. फिटरला पहिलीच गोष्ट सांग: गाडीची वायर कापायची नाही. वॅगन आरचा कपलर दोन-तीनशे रुपयांना मिळतो, एक टोक गाडीला आणि दुसरं डेकला. कापून पिळलेल्या वायरींवर काळी टेप गुंडाळली की ती उन्हाळ्यात सुटते, आणि डॅशबोर्डच्या मागे शॉर्ट झालं तर धोका सगळ्या घराला. नंतर गाडी विकतानाही मूळ वायरिंग शाबूत असलं की बरं.

रंग समजून घे. पिवळी वायर थेट बॅटरीची, ती घड्याळ आणि सेव्ह केलेली स्टेशनं जपते. लाल किल्लीवर चालणारी. काळी अर्थिंगची, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडायची. या दोन, म्हणजे पिवळी आणि लाल, अदलाबदल झाल्या तर किल्ली काढली की सगळं पुसलं जातं. दोन्ही एकत्र बॅटरीला जोडल्या तर डेक चालू राहून बॅटरी उतरते. स्पीकरच्या चार जोड्या पांढरी, करडी, हिरवी, जांभळी अशा असतात, आणि काळी रेघ असलेली वायर म्हणजे उणे. ही उणे वायर गाडीच्या बॉडीला कधीच टेकवायची नाही. पूर्वीच्या कॅसेट डेकना काही लोक तसं करत, आताच्या डेकचा अँप्लिफायर त्याने जळतो. दोन स्पीकरपैकी एकाची अधिक-उणे उलटी लागली तर दोन्ही वाजतात, पण खर्ज नाहीसा होतो आणि गायक कुठे उभा आहे तेच कळत नाही. तपासायला पेन्सिल सेल पुरे: स्पीकरच्या अधिकला सेलचा अधिक टेकवला की कोन बाहेर उचलला पाहिजे. काकांच्या रेडिओच्या दुकानात बसायचो तेव्हा मी हेच करायचो, अजूनही करतो.

आता अण्णांचं. तू लिहिलंस की त्यांना आकाशवाणी पुण्याच्या सकाळच्या बातम्या लागतात, आणि गाडीतही त्यांना रेडिओच हवा. तर घेताना दोन गोष्टी तपास. एक, डेकमध्ये एएम म्हणजे मध्यम लहरी आहेत का? स्वस्तातल्या पुष्कळ डेकांत आता नुसता एफएम असतो. एफएम सरळ रेषेत जातो, डोंगर आड आला की तुटतो. मध्यम लहरी जमिनीलगत दूरवर पोचतात. दुसरी गोष्ट दुकानदारालाही बहुधा माहीत नसते. सेटिंगमध्ये "एरिया" असतो. तो अमेरिकेचा ठेवला असेल तर एफएम ०.२ च्या उडीने सरकतो आणि पुण्याची विविधभारती, १०१.० वर, कधी नीट लागतच नाही, १००.९ किंवा १०१.१ वर खरखर ऐकत बसावं लागतं. एएम १० किलोहर्ट्झने उडी मारतो, आणि आपल्याकडची स्टेशनं ९ च्या टप्प्यांवर आहेत: पुणे ७९२, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८. एरिया एशिया किंवा युरोप केला की सगळं जागेवर येतं. हे तू स्वतः बघ, फिटरवर सोपवू नकोस.

अण्णांना ऐकू कमी येतं म्हणून आवाज चढवत जाऊ नकोस. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचं ऐकणं जातं, म्हणून स, श, फ, थ ही अक्षरं पुसट होतात, आणि माणूस म्हणतो, "ऐकू येतंय, पण कळत नाही." बातम्या लावल्या की खर्ज दोन-तीन पायऱ्या खाली आण, मधला आवाज आणि ट्रेबल थोडा वर. अण्णा पुढे बसतात, म्हणजे बॅलन्स (डाव्या-उजव्या स्पीकरचा तोल) किंचित डावीकडे. मूळ आवाज होता तेवढाच राहतो, शब्द मात्र सुटे होतात. पुढे कधी मागचे स्पीकर लावलेस, तर मुलं मागे झोपली की फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरचा तोल) पूर्ण पुढे. "लाउडनेस" नावाचं, खर्ज भरणारं बटण रात्री हळू आवाजात छान, दिवसा बंद ठेव. "एचपीएफ" (फार खालचा खर्ज अडवणारी सेटिंग) असेल तर ८० हर्ट्झवर लाव, दारातले स्पीकर मोकळे होतील आणि फाटणार नाहीत.

फोन ब्लूटूथवर जोडला की आलेला कॉल स्टिरिओवर घेता येतो. हातात फोन धरून गाडी चालवणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यातच मोडतं, पण कायदा बाजूला ठेव, घाटात तू फोन घेऊच नकोस. वहिनी शेजारी असतील तर त्या बोलतील. माइक स्टीअरिंगच्या मागे, एसीच्या झोतापासून लांब लाव. आणि फोन चार्जिंगला लावून ऑक्सच्या (फोन डेकला जोडणाऱ्या) वायरने गाणी ऐकताना इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली, तर डेक बदलू नकोस, चार्जर आणि ऑक्स या दोन्हींच्या अर्थिंगच्या वायरी एकमेकांत गुंतून तो आवाज येतो आहे. ब्लूटूथवर ये, शिट्टी जाते.

नाना पेठेत गाड्यांच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत, दोन-तीन ठिकाणी विचार. फिटिंगसकट भाव विचार, आणि कपलर, फ्रेम, शीट यांचे पैसे वेगळे लिहून घे. माझ्या हिशेबाने दहा हजारांत हे सगळं बसतं. काही उरलंच तर मागच्या दोन दारांना वायर ओढून ठेव, स्पीकर पुढच्या वर्षी घे.

मुलांना सांग, गाणी निवडायचं काम त्यांचं. एक फोल्डर त्यांचा, एक वहिनींचा, एक अण्णांच्या नाट्यसंगीताचा, आणि प्रवासात आळीपाळीने लावायचं. स्क्रीनपेक्षा यात त्यांचा जीव जास्त रमेल असं मला वाटतं. कानात वेगवेगळे हेडफोन घालून चौघांनी चार गोष्टी ऐकत चिपळूण गाठायचं असेल तर स्टिरिओ कशाला घ्यायचा? मुलांना नाट्यपद माहीत व्हावं आणि अण्णांना मुलांचं रॅप, म्हणून मी एवढं लिहिलं.

खाचेचं माप आणि दुकानदाराने दिलेलं कोटेशन फोटो काढून पाठव, मी पाहून कळवतो. शनिवारी संध्याकाळी मी घरीच असतो, दुकानातूनच फोन केलास तरी चालेल.

ती. अण्णांना साष्टांग नमस्कार. सौ. वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
मुकुंद