आत्याच्या व्हिसाचं आधी कर

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

काल तू फोनवर म्हणाला की बाबा तुमचा आणि आईचा सुपर व्हिसा आधी करून टाकू, आत्याचं पुढच्या वर्षी पाहू, तेव्हा आत्या बाजूलेच तूर निवडत बसली होती म्हणून मी काही बोललो नाही. फोन स्पीकरवर होता, तिनं ऐकलं. सूप खाली ठेवून म्हणे, "मले काय करा लागते कॅनडाले जाऊन, तुमी या जाऊन." आणि उठून गोठ्यात गेली. त्या वेळी गोठ्यात काहीच काम नव्हतं.

आमचं कधीही होईल रे. तू तिथला पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी आहे, पगार नियमात बसते, १ लाख डॉलरच्या कव्हरचा मेडिकल इन्शुरन्स काढला की झालं, आणि एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येते. पण तो व्हिसा फक्त आईबाप आणि आजी-आजोबासाठी, आत्या त्यात बसत नाही. तिचा साधा व्हिजिटर व्हिसाच करा लागेल, १०० डॉलर फी, ८५ बायोमेट्रिकचे. पैशाचं तू म्हणालास काही नाही, मला माहीत आहे. पण ती आता ६८ ची झाली, गुडघे गेले तिचे, पुढचं वर्ष पुढचं वर्ष करता करता राहून जाईल. तू झाला तेव्हा तुझी आई दोन वर्षं आजारी होती, तुला रात्र रात्र खांद्यावर घेऊन अंगणात कोण फिरलं हे तुला आठवणार नाही, मला आठवते.

गेल्या सोमवारी मी तालुक्याला एकाकडे चौकशी करायला गेलो होतो. त्यानं फॉर्म काढला आणि एकेक विचारत गेला. नवरा? वारला, ४० वर्षं झाली. मुलंबाळं? नाही. नोकरी, पेन्शन? निराधारचे महिन्याला १५०० रुपये. घर? भावाचं. शेती? मी म्हटलं नाही, तिच्या नावावर काही नाही. तो म्हणे काका मग ही बाई वापस येईल कशावरून, अधिकारी पहिलं हेच पाहते, मुदत संपल्यावर परत जाईल याची खात्री नाही असं लिहून नाकारते. मग त्यानंच उपाय सांगितला, खात्यात ५ लाख टाका तीन महिने, आणि दोन-तीन एकर तिच्या नावावर करून घ्या, व्हिसा झाला की परत फिरवून घ्या.

परत येताना एसटीत माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. परत फिरवून घ्या. बाळा, तिच्या नावावर काही नाही कारण ते मीच फिरवून घेतलेलं आहे. आजोबा २००४ मध्ये गेले, ९ एकरावर वारस म्हणून आम्हा दोघांचं नाव लागलं होतं, फेरफार झाला होता. मग लोकं म्हणाले सामाईक खात्यावर पीककर्जाची भानगड होते, बहिणी सोडूनच देतात, आणि मी तिला दुय्यम निबंधकाकडे घेऊन गेलो, तिनं हक्कसोडपत्रावर अंगठा लावला. तिला सही येत होती, चौथी शिकलेली आहे ती, पण तिथला माणूस म्हणे अंगठाच लावा लवकर होते आणि मी पण लावू दिला. एक शब्द विचारला नाही तिनं. उलट बाहेर येऊन मलाच म्हणे, चहा घे, सकाळपासून उपाशी आहेस. २०१० मध्ये त्यातलीच २ एकर विकून तुझी इंजिनिअरिंगची फी भरली. म्हणजे तू आज तिथं आहे ते तिच्या वाट्यावर, आणि फॉर्ममध्ये तिच्या समोर शून्य.

तर मी ठरवलं आहे. विहिरीकडचं साडेतीन एकर मी तिच्या नावानं बक्षीसपत्र करून देतो. मुलाला दिलं तर नावापुरताच स्टँप लागते, बहिणीला टक्क्यानं भरा लागते, भरीन. निराधारचे पैसे बंद झाले तर ते मी देईन. व्हिसा येवो न येवो, ते रान आता तिचं. तुझ्या वाट्याचं कमी होते हे मला माहीत आहे, पण हे मी तुला सांगून राहिलो, विचारून नाही.

अर्जात काही लपवायचं नाही. २००४ चा फेरफार, हक्कसोड, आत्ताचं बक्षीसपत्र, नवा सातबारा, चारही इंग्रजीत करून भाषांतर करणाऱ्याच्या अॅफिडेव्हिटसोबत लाव, वाचणाऱ्याला कळेल काय झालं ते. ५ लाख टाकायचे नाही, तिच्या पासबुकात १५०० च येतात तर १५०० च दिसू दे, एकदम आलेला पैसा त्यांना बरोबर समजते. आणि खोटं पकडलं तर ५ वर्षं अर्जच करता येत नाही, तिच्याकडं तेवढा वेळ नाही.

खर्च तू करणार हे आमंत्रणाच्या पत्रात सरळ लिही, त्याला मनाई नाही. तुझं पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन, नोकरी, पीआर कार्डाची कॉपी, घरात कोण कोण, आणि तिचं तेच सगळं, कशासाठी येते, कुठं राहते, कधी परत जाते. सोबत पगाराच्या स्लिपा, कंपनीचं पत्र, टॅक्सची नोटीस ऑफ असेसमेंट. तारखा एप्रिल ते मे अखेर टाक, कडाक्याची थंडी ओसरलेली असते आणि मृगाच्या आधी ती घरी पाहिजे, तिला स्वतःलाच चैन पडणार नाही पेरणीच्या वेळी. नात्याच्या जागी आत्या म्हणजे वडिलांची बहीण एवढंच लिहिशील, पण खाली दोन ओळी तुझ्या मनानं लिही की तिनं तुला वाढवलं.

एकाच गोष्टीची काळजी आहे, बायोमेट्रिकची. राशनच्या दुकानात मशीन तिचा अंगठा घेतच नाही, पाच-सहा वेळा पुसून लावा लागते. इतकी वर्षं कापूस वेचून वेचून बोंडाच्या टोकांनी बोटं घासली, रेषाच राहिल्या नाही. मी तिला सांगितलं तर आता रोज रात्री जेवण झालं की खोबरेल तेल घेऊन बसते आणि एकेक बोट चोळते, दिव्याखाली धरून पाहते. यावर्षी वेचणीलाही जाऊ देत नाही मी. काही बोलत नाही ती, पण परवा तुझ्या आईला विचारत होती, तिकडं पोरीले शेवया आवडतीन का.

रविवारी फोन कर, पण माझ्या नंबरवर करून "आत्याला दे" म्हणू नको, तिच्या फोनवर कर, तिला तू सांग की आत्या ये.

तुझे बाबा