नेटवर्कचे वाटे आधी कागदावर पाडा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

जळगाव, धुळे, भुसावळकडे गेली पंधरा वर्ष मी ऑफिसांच्या नेटवर्कची कामं करतोय आणि एक गोष्ट मनापासून सांगायचीय, की ऑफिस वाढलं की लोक नवा स्विच (कॉम्प्युटरच्या नेटवर्क वायरी जोडायचा डबा) आणतात, जुन्याला जोडतात आणि काम झालं म्हणतात, पण नेटवर्कचे वाटे कसे पाडायचे ते कोणी बसून ठरवतच नाही.

मागे एका ऑफिसात तीन मजले, कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे, अंगठ्याचं मशीन, स्टाफचे मोबाईल, सगळं 192.168.1 ने सुरू होणाऱ्या एकाच आयपी गटात होतं (आयपी म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक मशीनचा आकड्यांचा पत्ता). त्यात पत्ते मिळतात फक्त 254. ते संपले तसं कोणीतरी मास्क (गट केवढा ते ठरवणारा आकडा) बदलून 255.255.252.0 केला, म्हणजे 1022 पत्ते झाले आणि सगळे खुश. पण प्रत्येक मशीन "अमुक पत्ता कोणाकडे आहे" असं विचारतं ते बाकी सगळ्यांच्या कानावर जातं, आता तर आणखी जास्त जणांच्या. त्यात एक दिवस कोणीतरी घरचा वायफाय राउटर आणून टेबलाखालच्या पोर्टमध्ये लावला, तो स्वतःच आयपी वाटायला लागला आणि तिन्ही मजले ठप्प. फोन आला, "भाऊ, आते काय करानं?" संध्याकाळपर्यंत एकेक टेबल वाकून बघितलं तेव्हा सापडला. वाटे पाडलेले असते तर फार तर तेवढाच भाग बंद पडला असता.

रावेर-यावलकडे केळीला ठिबक करताना कोणी सगळं शेत एका व्हॉल्ववर घेतं का? पाईप फुटला तर तेवढा व्हॉल्व बंद करायचा, बाकीची बाग चालू राहते. व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर पाडलेले नेटवर्कचे वेगळे वाटे, हे तेच. अकाउंट्सचा एक, कॅमेऱ्यांचा एक, पाहुण्यांच्या वायफायचा एक, सर्व्हरचा वेगळा. वाटे मजल्याप्रमाणे नाही तर कामाप्रमाणे पाडावेत असं माझं मत आहे, कारण कॅमेरे सगळ्याच मजल्यांवर असतात. इमारती जास्त असतील तर 10 ने सुरू होणारे पत्ते घ्या, दुसरा आकडा इमारतीचा, तिसरा विभागाचा, मग 10.2.30 बघितलं की कुठलं मशीन ते लगेच कळतं. आणि मधे जागा सोडा, 20 नंतर लगेच 21 नको, 30 घ्या, कारण विभाग वाढतातच आणि नंतर पत्ते बदलायचे म्हणजे प्रत्येक प्रिंटरपाशी जाऊन उभं राहावं लागतं.

अजून एक, नुसते वाटे पाडून भागत नाही. वाटे एकमेकांना जोडणाऱ्या मधल्या लेयर 3 स्विचवर सगळ्यांना सगळीकडे जायची मोकळीक ठेवली तर सुरक्षेचा काहीच फायदा नाही, व्हायरस एका वाट्यातून दुसऱ्यात जातोच. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला तो विंडोजच्या फाईल शेअरिंगमधल्या त्रुटीतून, 445 नंबरच्या पोर्टवरून (इथे पोर्ट म्हणजे वायरचं सॉकेट नाही, मशीनचं नंबर दिलेलं दार) मशीनमागून मशीन धरत पसरला. कॅमेऱ्याला अकाउंट्सच्या सर्व्हरचं काय काम? तो रस्ता बंदच पाहिजे.

म्हणून टेंडर काढणाऱ्या साहेबांना हात जोडून विनंती आहे, स्विच किती पोर्टचा एवढंच विचारू नका, आधी वाट्यांचा नकाशा मागा, आणि काम झाल्यावर तो नकाशा ऑफिसच्या फाईलीत लावून घ्या, व्हेंडरच्या लॅपटॉपमध्येच राहू देऊ नका.

आपला एक वाचक,
जळगाव