एका नॉर्मल अहवालावर विसंबू नये

महोदय,

छातीत घरघर ऐकू आली की दमा ठरवून औषध सुरू करण्याची पद्धत रूढ आहे. मात्र फुप्फुसांची क्षमता न मोजता केलेले हे निदान अपुरे राहते, असे मी स्वतः दम्याची रुग्ण म्हणून आवर्जून सांगू इच्छिते. स्पायरोमेट्री या फुप्फुसांच्या चाचणीत पूर्ण श्वास भरून जोराने फुंकायचे आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते पाहायचे असते. निरोगी प्रौढ व्यक्ती साधारणपणे एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून अधिक हवा पहिल्याच सेकंदात सोडते. दम्यात श्वासनलिका आकुंचन पावल्या, की हे प्रमाण घटते. श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊन सुमारे १५ मिनिटांनी पुन्हा मोजल्यावर पहिल्या सेकंदातील हवा १२ टक्के व २०० मिलिलिटरहून अधिक वाढली, तर प्रौढांमध्ये दम्याच्या निदानाला बळ मिळते.

तथापि त्रास नसताना दमेकऱ्याचा आलेखही निरोगी माणसासारखाच दिसू शकतो, आणि नेमकी इथेच गफलत होते. अशाच एका नॉर्मल अहवालावरून माझे औषध बंद करण्यात आले, आणि पुढच्याच महिन्यात मध्यरात्री धाप लागून उठावे लागले. लक्षणे असताना चाचणी पुन्हा करावी आणि पीक फ्लो मीटरवरील (जोराने फुंकलेल्या हवेचा सर्वाधिक वेग मोजणारे छोटे उपकरण) सकाळ-संध्याकाळच्या नोंदीही डॉक्टरांनी सोबत पाहाव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक