वयाच्या रकान्यापाशी थांबायला शिकव

प्रिय मैत्रिणीस,

सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचा 'मानवी वाढ आणि विकास' हा विषय यंदा तुझ्याच गळ्यात पडला म्हणायचा! पोरी टप्पे घोकतात, पेपर लिहितात आणि वॉर्डात पाऊल ठेवेपर्यंत सगळं विसरतात, ही तुझी तक्रार. नवल कसलं त्यात? मानसशास्त्रज्ञ एरिक्सनचे मनाच्या घडणीचे आठ टप्पे, पियाजेचे विचारशक्तीचे चार, असं ओळीनं शिकवलं की ते ओळीनंच पुसलं जातं. मला विचारलंस म्हणून सांगते, अख्खा विषय एकाच प्रश्नावर उभा कर: या वयाला हे असं असायला हवं का?

नाडी घे. मिनिटाला 140 ठोके. नवजात बाळ असेल तर आपण नोंद करतो आणि पुढच्या खाटेकडे वळतो. तेच ठोके स्वस्थ पडलेल्या सत्तरीच्या आजोबांचे निघाले तर डॉक्टरांना बोलवायला धावतो. श्वास मिनिटाला 45 असेल तर नवजातात ठीक, मोठ्या माणसात धोक्याची घंटा. पहिल्या तासाला फळ्यावर नुसते आकडे लिही, वय लिहू नकोस, आणि यातला आजारी कोण ते विचार. कुणालाच सांगता येणार नाही. केसपेपरवर नावाशेजारीच वयाचा रकाना का असतो, ते तेव्हा डोक्यात शिरेल.

वजनाचंही तेच. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन घटतं, साधारण सात टक्क्यांपर्यंत, कधी दहापर्यंतही, आणि दोनेक आठवड्यांत भरून निघतं. हे ठाऊक नसलेली विद्यार्थिनी काट्यावरचा आकडा बघून आईला घाबरवून सोडते, आणि घाबरलेली आई आपलं दूध पुरत नाही असं समजून वरचं दूध सुरू करते. पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट, वर्षाचं होईतो तिप्पट, हे सगळ्यांना पाठ असतं. पण वाढीचे दोन तक्ते शेजारी ठेवून विचार, काळजी कुणाची? एक बारीक पोर, पहिल्यापासून खालच्या रेषेवर, पण ती रेषा धरून चाललेलं. दुसरं मधल्या रेषेवरचं, बाळसेदार, पण तीन महिन्यांत दोन रेषा खाली घसरलेलं. बहुतेक जणी पहिल्याकडे बोट दाखवतील, पण काळजी दुसऱ्याची. एका ठिपक्यावरून वाढ कळत नाही, हे तिथंच सांगून टाक.

चालण्याबोलण्याच्या वयांबाबत तर पुस्तकांनी आयांचे फार हाल केलेत. 'वर्षाचं मूल चालतं' असं छापलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं वेगवेगळ्या खंडांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून 2006 मध्ये मानकं प्रसिद्ध केली, त्यात आधाराशिवाय चालण्याची मुदत साधारण आठव्या महिन्यापासून थेट साडेसतराव्या महिन्यापर्यंत आहे. शंभरातली चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं तरी त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवायची. दोन वर्षांचं होईपर्यंत हा हिशेब चालतो. त्यामुळे 'अजून चालत नाही' हे ऐकून मुदत तपासावी, पण 'आधी बोलायचा, आता बोलत नाही' हे ऐकून लगेच पुढे पाठवावं. आलेलं कौशल्य जाणं हे कुठल्याही वयात गंभीरच.

आता तुझे ते टप्पे. मला वाटतं, ते खाटेपाशीच शिकवावेत. दीड वर्षाचं पोर आईला बिलगलेलं असतं. नवखी विद्यार्थिनी त्याला उचलून टेबलावर आडवं करते, ते टाहो फोडतं, मग छातीत काय ऐकू येणार, कपाळ? त्याला मांडीवरच राहू द्यावं. लांबूनच श्वास मोजावेत, कपडे आईला काढू द्यावेत, स्टेथोस्कोप आधी बाहुलीला लावावा, मग त्याला. कान आणि घसा अगदी शेवटी, कारण त्यानंतर ते तुम्हाला हात लावू देणार नाही. या वयात आईपासून तुटण्याची भीती सगळ्यात मोठी, हे एवढं एकदा हातांनी केलं की वेगळं पाठ करावं लागत नाही.

इथं त्यांना रुग्णालयातल्या मुलांचा अभ्यास करणाऱ्या जेम्स रॉबर्टसन यांची गोष्ट जरूर सांग. तेव्हा रुग्णालयांत मुलांना भेटायला आईबापांना फार थोडा वेळ मिळे. भेटून गेले की मुलं रडतात, म्हणून न भेटलेलंच बरं, असा समज. रॉबर्टसन यांनी 1952 साली ब्रिटनमध्ये दोन वर्षांच्या एका मुलीचा रुग्णालयातला मुक्काम चित्रित करून लोकांपुढे ठेवला. त्यांनी आणि मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी अशा मुलांचं जे वर्णन केलं ते असं: आधी आकांत, मग खिन्नता, आणि शेवटी आई आली तरी तिच्याकडे पाठ. म्हणजे परिचारिका ज्याला 'आता रुळलं हं' म्हणत, ते पोर खरं तर हरलेलं असे. 1959 मध्ये तिथं रुग्णालयातल्या मुलांचा विचार करणाऱ्या प्लॅट समितीनं आईबापांना मोकळेपणानं भेटू द्या अशी शिफारस केली. आज आई खाटेशेजारी बसते ती कुणाची मेहेरबानी म्हणून नव्हे.

चार-पाच वर्षांच्या मुलाचं कोडं निराळंच. आजार ही आपल्याला झालेली शिक्षा आहे, असं त्याला वाटू शकतं. सुईच्या भोकातून सगळं रक्त वाहून जाईल असंही वाटतं, म्हणून ती छोटी चिकटपट्टी इतकी कामाची. 'तू काही चुकलास म्हणून हे झालेलं नाही' हे वाक्य मोठ्यानं म्हणायची सवय पोरींना लाव. मनात समजून घेऊन उपयोग नाही.

किशोरवयाबद्दल एकच सांगते: थोडा वेळ तरी आईबापांना बाहेर बसवून मुलाशी बोलायला शिकव. वयात येणं मुलींमध्ये आठ ते तेरा आणि मुलांमध्ये नऊ ते चौदा या वयांत सुरू होतं, तेव्हा एकाच वर्गातली दोन मुलं वेगवेगळ्या इयत्तांतली दिसली तर बिघडलं काहीच नाही. मधली चाळीस वर्षं पुस्तकं दीड पानात उरकतात. तूही उरकलीस तरी चालेल, फक्त तिशीच्या आसपास हाडांची घनता शिगेला पोचते आणि पाळी गेल्यावर ती झपाट्यानं उतरते, एवढं सांगून ठेव.

म्हातारपणाला मात्र घाई नको. सत्र संपत आलेलं असतं, म्हणून तो धडा दरवर्षी घशाखाली ढकलला जातो, आणि वॉर्डात निम्म्या खाटांवर म्हातारी माणसं. वर्गात 'वय झालं आता' हे वाक्य बंदच कर. कालपर्यंत वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजी आज सकाळी लेकीला ओळखत नाहीत, चादरीचं टोक सारखं चिमटीत धरून ओढताहेत. ताप नाही, खोकला नाही. स्मृतिभ्रंश असा रातोरात येत नाही. तासा-दिवसांत आलेला गोंधळ म्हणजे कारण शोधायचं: लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, उतरलेलं सोडियम, तुंबलेली लघवी, परवा सुरू केलेली झोपेची गोळी. या वयात संसर्ग असूनही ताप चढेलच असं नाही, आणि अंगातलं पाणी कमी झालं तरी तहान लागेलच असंही नाही.

क्रिएटिनिनचं, म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून बाहेर टाकतात त्या कचऱ्याचं, तर हमखास विचार. रिपोर्टवर आकडा अगदी मर्यादेत, मग मूत्रपिंडं ठणठणीत? क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि आजींच्या अंगावर स्नायू उरलेत किती? मूत्रपिंडांचं काम बरंच घटलेलं असूनही आकडा साळसूद राहतो, आणि औषधाचा नेहमीचा डोस अंगावर येतो. आणखी एक, कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानाशी किंचाळायचं नाही. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणून समोर बसून, तोंड दिसेल असं, खालच्या पट्टीत, सावकाश बोलायचं. शब्दसंपत्ती मात्र उतारवयातही शाबूत राहते, तेव्हा आजोबांशी बोबडं बोलणाऱ्या पोरीला तिथंच टोक.

मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या माणसाच्या मनाच्या, मानसोपचारतज्ज्ञ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडलेल्या पाच अवस्थाही अभ्यासक्रमात असतील. शिकव, पण जिना म्हणून नको. मरणाच्या दारातला माणूस सकाळी चिडतो, दुपारी घरच्यांची सोय लावतो आणि रात्री पुढच्या वर्षीचे बेत सांगतो. 'यांची तिसरी अवस्था चालू आहे' अशी नोंद मी स्वतः फाइलीत वाचली आहे. हसावं की रडावं कळेना.

आणि पेपर तूच काढणार असशील तर 'टप्पे लिहा' हा प्रश्न यंदा काढूच नकोस. तीन वयं दे, तिघांची नाडी, श्वास आणि वागणं दे, आणि आधी कुणाकडे जाल, का, ते विचार. तपासायला जड जाईल, खरंय. निम्मे गठ्ठे माझ्याकडे पाठव. रात्रपाळी संपली की पुढच्या आठवड्यात मी मोकळीच आहे. तक्त्यांचे कोरे नमुने हवेत का, तेही कळव.

तुझीच